तळहातावरची वाघीण : काय लहान होते, काय होत नाही

मालगाडीची एक वाघीण तळहातावर मावेल एवढी लहान करायची आहे. खऱ्या वाघिणीची लांबी, रुंदी, उंची, चाकांचा व्यास, शिडीच्या गजाची जाडी अशी सगळी मापे घ्यायची, प्रत्येकाला ८७ ने भागायचे आणि येणाऱ्या उत्तराप्रमाणे प्लॅस्टिक, पत्रा आणि तार कापून जोडायची. काम किचकट खरे, पण त्यात अवघड काय आहे? भागाकार तर पाचवीतल्या मुलांनाही येतो.

पण अशी वाघीण करून छोट्या रुळांवर ठेवली आणि गाडीला जोडली, तर बहुधा पहिल्याच वळणावर ती घसरेल. सुटी करून ढकलली, तर वीतभर जाऊन थांबेल. भागाकार चुकलेला नसतो. लांबी ८७ पट कमी झाली, तरी गुरुत्वाकर्षण, घर्षण आणि रुळावरचा धुळीचा कण ही मंडळी पूर्वीच्याच मापाची राहिलेली असतात.

आगगाडीच्या प्रतिकृती करण्याचा छंद अनेक देशांत लोक आयुष्यभर जोपासतात. त्यातही मालवाघिणींचा बारीकसारीक तपशील हुबेहूब उतरवणारा एक चिकाटीचा वर्ग आहे. प्रत्येक नव्या वाघिणीच्या वेळी त्यांच्यापुढे दोन प्रश्न उभे राहतात. कोणती गोष्ट भागाकाराने मिळते आणि कोणती मिळत नाही? आणि जी मिळत नाही, तिच्याबाबत तडजोड कोठे करायची? अणूची, पेशीची किंवा सूर्यमालेची प्रतिकृती वर्गात दाखवणाऱ्या शिक्षकालाही हेच प्रश्न पडायला हवेत. म्हणून या छंदाची ओळख करून घेऊ.

८७ हा आकडा आला कोठून?

जर्मनीतील मेर्कलिन या खेळणी बनवणाऱ्या कंपनीने १८९१ मध्ये लाइपझिगच्या व्यापारी जत्रेत ठरावीक मापांचे, क्रमांक दिलेले रूळ विक्रीला मांडले. पुढे एक क्रमांकाहूनही लहान रूळ आले, तेव्हा त्यांना शून्य क्रमांक मिळाला. इंग्रजी बोलणारे लोक या शून्याला ‘ओ’ म्हणू लागले. ब्रिटनमध्ये या मापात खऱ्या एका फुटासाठी ७ मिलिमीटर धरत. घरे लहान, जागा कमी, म्हणून त्याचेही निम्मे केले गेले : एका फुटाला साडेतीन मिलिमीटर. हे ‘हाफ ओ’, म्हणजेच ‘एचओ’ माप. एक फूट म्हणजे ३०४.८ मिमी. त्याला ३.५ ने भागले की ८७.१ येतात. फूट आणि मिलिमीटर यांच्या या संकरातून असा अडनिडा आकडा जन्मला.

युरोप-अमेरिकेतील बहुतेक रेल्वेमार्गांच्या दोन रुळांतील अंतर, म्हणजे गेज, १४३५ मिमी असते. ८७.१ ने भागल्यावर ते साधारण १६.५ मिमी होते. १९३५ मध्ये अमेरिकेतील मिलवॉकी शहरात छांदिष्टांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. रूळ, चाके, विद्युतपुरवठा यांची मानके तिने ठरवली. एकाची वाघीण दुसऱ्याच्या रुळांवर धावावी, हा त्यामागील हेतू होता. या लेखातील उदाहरणे मुख्यतः अमेरिकी वाघिणींची आहेत, कारण या तपशिलाचा अभ्यास तेथे फार पुढे गेलेला आहे.

वजनाचे कोडे

१९४० च्या दशकातील चाळीस फुटी बंद पोलादी वाघीण घेऊ. रिकामी असताना तिचे वजन सुमारे २० टन असे. प्रतिकृतीचे वजन किती हवे?

विद्यार्थी चटकन २० टनांना ८७ ने भागतात. उत्तर येते २३० किलो! तळहातावरच्या वस्तूचे हे वजन शक्य नाही, हे पाहिल्यावर घनफळाची आठवण होते. लांबी, रुंदी आणि उंची या तिन्ही ८७ पट कमी झाल्या. म्हणून वजनाला ८७ × ८७ × ८७, म्हणजे ६,५८,५०३ ने भागायला हवे. उत्तर येते फक्त ३० ग्रॅम.

आता अमेरिकी संघटनेची शिफारस पाहा. एचओ मापाच्या वाघिणीचे वजन मुळात एक औंस, अधिक लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस असावे, असे ती सांगते. आपली वाघीण साडेपाच इंच लांब. म्हणजे १ + २.७५ = ३.७५ औंस, अर्थात १०६ ग्रॅम. गणिताने येणाऱ्या वजनाच्या साडेतीन पट! छांदिष्ट वाघिणीच्या तळाशी शिशाचे किंवा पोलादाचे तुकडे चिकटवून हे वजन भरून काढतात.

खरी वाघीण मालाने पूर्ण भरली की तिचे एकूण वजन ७७ टनांच्या आसपास जाई. त्याला ६,५८,५०३ ने भागले तर ११७ ग्रॅम येतात. म्हणजे छोट्या रुळांवरची रिकामी वाघीणसुद्धा जवळजवळ भरल्या वाघिणीच्या वजनाने धावत असते.

हे जास्तीचे वजन का लागते? रुळाच्या दोन तुकड्यांच्या सांध्यावर पाव मिलिमीटरचा उंचवटा राहिला असे समजा. बोटाला तो जेमतेम जाणवतो. पण छोट्या वाघिणीच्या हिशेबाने तो २२ मिलिमीटरचा अडथळा आहे. खऱ्या रुळांवर असा उंचवटा कोणी खपवून घेणार नाही. चाकाच्या कडेची पाळ, जी चाकाला रुळावर धरून ठेवते, ती खऱ्या चाकावर सुमारे एक इंच खोल असते. भागाकाराने ती ०.३ मिमी येते. एवढी पाळ असल्या सांध्यावरून सहज उडी मारेल. म्हणून नेहमीच्या एचओ चाकांची पाळ दुप्पट खोल ठेवतात आणि वजनाने चाक दाबून धरतात.

दुसरे कारण वळणाचे. मुख्य मार्गावरील ४०० मीटर त्रिज्येचे वळण प्रमाणात आणले तर त्रिज्या ४.६ मीटर होते. पूर्ण वर्तुळाला सव्वानऊ मीटर रुंदीची खोली लागेल. एवढी खोली किती जणांकडे असणार? म्हणून अठरा इंच, म्हणजे ४६ सेंटिमीटर त्रिज्येचे वळण फार पूर्वीपासून प्रचारात आहे. खऱ्या जगात ते ४० मीटरचे वळण ठरेल. वळण दहापट तीव्र झाले की लांब गाडीचा ओढ वाघिणींना आतल्या बाजूला खेचतो. हलकी वाघीण मग आडवी होते.

सोडल्याबरोबर का थांबते?

खरी गाडी ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर वेगाने जात आहे आणि ब्रेक लावल्यावर तिचा वेग दर सेकंदाला अर्ध्या मीटरने कमी होत आहे, असे समजू. थांबेपर्यंतचे अंतर काढण्यासाठी वेगाच्या वर्गाला मंदनाच्या दुपटीने भागायचे. ४०० भागिले १, म्हणजे ४०० मीटर.

छोटी गाडी डोळ्यांना तशीच दिसावी म्हणून ती सेकंदाला २३ सेंटिमीटर वेगाने चालवली जाते. मंदन तेवढेच धरले, तर ती सुमारे ५ सेंटिमीटरमध्ये थांबते. प्रत्यक्षात ४०० मीटरला ८७ ने भागून ४.६ मीटर यायला हवे होते! वेग ८७ पट कमी झाला, पण थांबण्याचे अंतर वेगाच्या वर्गावर अवलंबून असल्यामुळे ते ८७ च्या वर्गाने, म्हणजे ७५६९ पटींनी घटले. त्यामुळे छोटी गाडी डौलाने थांबत नाही. ती खिळल्यासारखी थबकते.

छांदिष्टांनी यावर उपाय शोधले. इंजिनाच्या मोटरच्या दांड्यावर एक जड चकती बसवायची, म्हणजे वीज तुटली तरी मोटर क्षणभर फिरत राहते. १९९० च्या दशकात रुळांमधून अंकीय संदेश पाठवून प्रत्येक इंजिन स्वतंत्रपणे चालवण्याची मानके तयार झाली. या पद्धतीत इंजिनातील छोट्या मंडलाला जडत्वाचा आकडा सांगून ठेवता येतो. मग चालकाने वीज बंद केली तरी मंडल ती हळूहळू कमी करते. जे जडत्व वस्तुमानातून मिळत नाही, ते असे हिशेबाने पुरवले जाते.

तरीही एक गोष्ट हाती लागत नाही. चार मीटर उंचीवरून वाघिणीत पडणाऱ्या कोळशाला ०.९ सेकंद लागतो. प्रतिकृतीत हीच उंची ४.६ सेंटिमीटर असते आणि तेथून पडायला ०.१ सेकंदही लागत नाही. पडण्याचा वेळ उंचीच्या वर्गमुळावर अवलंबून असतो, आणि ८७ चे वर्गमूळ ९.३ आहे. चित्रपटात छोट्या प्रतिकृतींचे दृश्य कॅमेरा जलद चालवून टिपतात व सावकाश दाखवतात, ते याचसाठी. विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने जहाजांच्या प्रतिकृती पाण्यात ओढून हेच वर्गमुळाचे नाते उपयोगात आणले. १८७२ मध्ये टॉर्की येथे त्याने त्यासाठी खास हौद बांधला. प्रतिकृतीचा वेग कोणत्या प्रमाणात ठेवला म्हणजे लाटा खऱ्यासारख्या उठतील, हे ठरवल्याशिवाय प्रतिकृतीवरून जहाजाबद्दल काही सांगता येत नाही, हे त्याने जाणले होते.

जे अचूक होऊ शकते, ते अचूक करायचे

वजन, वळण आणि वेग यांत तडजोड अटळ आहे. मग उरते ते रूप. येथे मात्र पट्टीचा छांदिष्ट तडजोड करायला सहजी तयार नसतो.

वाघिणीच्या अंगावरील शिडीच्या पायऱ्या पाहा. खरा गज साधारण १९ मिमी जाड, म्हणजे प्रतिकृतीत ०.२ मिमी. स्वस्त खेळण्यात त्या पायऱ्या प्लॅस्टिकच्या भिंतीवरच उठावाने काढलेल्या असतात. त्यांच्या मागे पोकळी नसते. त्यामुळे पायरीची सावली भिंतीवर पडत नाही आणि डोळ्याला काहीतरी चुकल्यासारखे वाटते. छांदिष्ट तो उठाव पात्याने तासून काढतो, बारीक भोके पाडतो आणि ०.३ मिमीची तार वाकवून बसवतो. तार थोडी जाडच झाली, पण सावली खरी पडली. भिंतीचे उलटे आहे. अडीच मिलिमीटरचा पोलादी पत्रा प्रतिकृतीत ०.०३ मिमी व्हायला हवा, आणि एक मिलिमीटर जाडीचे प्लॅस्टिक म्हणजे जवळजवळ नऊ सेंटिमीटरची भिंत! पण बंद वाघिणीची जाडी फक्त उघड्या दाराच्या कडेला दिसते. तेवढी कड घासून पातळ केली की काम भागते.

यापुढचा तपशील इतिहासाचा आहे. अमेरिकेत १९३३ पासून नव्या वाघिणींना एबी नावाची सुधारित हवेची ब्रेकयंत्रणा बसवणे आवश्यक झाले. तिच्यात हवेची टाकी, सिलिंडर आणि झडप हे तीन भाग वाघिणीखाली वेगवेगळ्या जागी असतात. जुन्या के यंत्रणेत ते बहुधा एकाला एक जोडलेले असत. म्हणजे वाघीण उलटी केली की तिचा काळ कळतो. पूर्वी ब्रेक फिरवणारे कामगार धावत्या गाडीच्या छतावरून चालत जात. त्यासाठी प्रत्येक बंद वाघिणीवर लाकडी किंवा जाळीदार पायवाट असे. पडून जीव जाण्याचे ते ठिकाण होते. हवेच्या ब्रेकमुळे तिची गरज उरली नव्हती, आणि १९६६ मध्ये नव्या बंद वाघिणींवर ती बसवणे थांबले. १९५० सालच्या दृश्यात पायवाट नसलेली वाघीण दिसली, तर जाणकार लगेच बोट ठेवतो.

सर्वांत मौजेची खूण म्हणजे रंगाचा ताजा ठिपका. मालाचे भाडे वजनावर ठरे. भरलेल्या वाघिणीचे वजन करून त्यातून रिकाम्या वाघिणीचे वजन वजा केले जाई. पण लाकूड वाळते, भाग बदलतात आणि रिकामे वजनही बदलते. म्हणून ठरावीक काळाने वाघीण पुन्हा तोलून नवे वजन, ठिकाण आणि तारीख तिच्या अंगावर रंगवत. काजळी चढलेल्या वाघिणीवर तेवढाच एक चौकोन स्वच्छ राही. असा चौकोन प्रतिकृतीवर काढणारा माणूस नुसती शोभा वाढवत नसतो. हिशेब चोख ठेवण्याची रेल्वेची एक पद्धत तो जपत असतो.

मळाचेही तसेच आहे. कॅलिफोर्नियातील मॉन्टेरी गावच्या जॉन ॲलन यांनी आपल्या घरात एचओ मापाची एक मोठी रेल्वे वर्षानुवर्षे उभारली. चकचकीत प्रतिकृतींना गंज, धूळ आणि उन्हाने फिकटलेला रंग देण्याची कला त्यांच्यामुळे लोकप्रिय झाली. मळ कसाही फासून चालत नाही. गंजाचा ओघळ पावसाच्या पाण्याबरोबर खाली येतो, चाकांनी उडवलेला चिखल टोकाच्या भिंतीवर चढतो, सिमेंटच्या वाघिणीवर पांढरे ओघळ झाकणापासून सुरू होतात. मळ म्हणजे वाघिणीच्या कामाची नोंदच. ॲलन १९७३ च्या जानेवारीत वारले आणि काही दिवसांतच लागलेल्या आगीत ती रेल्वे जवळजवळ पूर्ण नष्ट झाली. ते व्यवसायाने छायाचित्रकार होते, म्हणून तिची चित्रे तेवढी राहिली.

कोणाच्या वाघिणी किती?

एक प्रश्न गाडी सजवताना येतो. अमेरिकेत अनेक खासगी रेल्वे कंपन्या होत्या आणि त्यांच्या वाघिणी एकमेकींच्या मार्गांवर फिरत. मग एका गाडीत कोणत्या कंपनीच्या किती बंद वाघिणी दाखवायच्या? काही छांदिष्टांनी जुनी छायाचित्रे आणि गाडीवरील कर्मचाऱ्यांच्या नोंदवह्या मिळवून वाघिणी मोजल्या. त्यातून त्यांनी असे अनुमान मांडले, की मोठ्या मार्गावर परक्या बंद वाघिणींचे प्रमाण साधारणपणे देशातील एकूण ताफ्यातील त्या त्या कंपनीच्या वाट्याएवढे असे. त्यामुळे पेनसिल्व्हेनिया किंवा न्यूयॉर्क सेंट्रल यांसारख्या मोठ्या ताफ्यांच्या कंपन्यांच्या वाघिणी दूरच्या मार्गांवरही हटकून दिसत. बंद वाघिणीत धान्यापासून कागदापर्यंत काहीही भरता येई, त्यामुळे ती देशभर भटकून चांगली मिसळली जाई. कोळशाची उघडी वाघीण मात्र खाणीच्या परिसरातच येरझाऱ्या घाली, म्हणून तिला हा नियम लागू पडत नाही. नमुना निवडताना मिश्रण एकजीव आहे का, हे आधी पाहायचे असते. संख्याशास्त्रातील हा महत्त्वाचा धडा येथे छंदातून मिळतो.

आपल्याकडच्या वाघिणी

भारतीय ब्रॉडगेज १६७६ मिमी, म्हणजे साडेपाच फूट. एचओ मापात ते १९.२५ मिमी होते. पण बाजारात मिळणारे रूळ १६.५ मिमीचे. आता तीन वाटा आहेत. पहिली, तयार रूळच वापरायचे आणि गाडी रुळांच्या मानाने रुंद दिसली तर चालवून घ्यायचे. दुसरी, १९.२५ मिमीचे रूळ, सांधे आणि चाकांचे आस स्वतः करायचे. तिसरी, १६.५ मिमी हेच ब्रॉडगेज मानायचे. मग प्रमाण १ : १०१.६ होते आणि वाघीण, फलाट, माणसे, झाडे सारे त्याच प्रमाणात करावे लागते. कोणती वाट बरोबर, याला एकच उत्तर नाही. मात्र कोणती निवडली आणि त्यात काय गमावले, हे सांगता यायला हवे.

छोट्या गाड्या प्रत्यक्ष धावताना पाहायच्या असतील, तर पुण्यात कोथरूडमध्ये १९९८ साली सुरू झालेले जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय आहे. सहलीला नेताना मुलांना आधी एकच काम सांगावे : वळणाची त्रिज्या अंदाजाने मोजा आणि ८७ ने गुणा.

वर्गात आणि स्थानकावर करता येण्याजोग्या आणखी काही गोष्टी अशा :

१. फलाटावरूनच उभ्या मालगाडीच्या वाघिणींवरील अक्षरे व आकडे टिपून घ्यावेत. ‘बॉक्सएन’ यातील बी म्हणजे बोगी, ओ म्हणजे उघडी, एक्स म्हणजे उंच बाजूंची आणि एन म्हणजे हवेच्या ब्रेकची. अकरा आकडी क्रमांकात पहिले दोन आकडे वाघिणीचा प्रकार, पुढचे दोन मालक रेल्वे आणि त्यापुढचे दोन बांधणीचे वर्ष सांगतात. शेवटचा आकडा क्रमांक उतरवताना झालेली चूक पकडण्यासाठी असतो. बॉक्सएनचे रिकामे वजन सुमारे साडेबावीस टन असते. एचओ प्रतिकृतीचे किती होईल, ते काढावे.

२. उतरत्या फळीवरून खेळण्यातील मोटार सोडून ती सपाट जमिनीवर किती अंतर जाते ते मोजावे. मग चौथाई उंचीवरून सोडावी. पायथ्याशी वेग साधारण निम्मा होतो, पण अंतर जवळजवळ चौथाई होते. छोटी गाडी का थबकते, हे आकृतीशिवाय समजते.

३. हमरस्त्यापासून सुरक्षित अंतरावर उभे राहून पन्नास मालट्रक आणि पन्नास रिक्षा यांच्या क्रमांकपट्टीवरील पहिली दोन अक्षरे व जिल्ह्याचा आकडा नोंदवावा. बंद वाघिणीसारखे कोण वागते आणि कोळशाच्या वाघिणीसारखे कोण, हे मुले स्वतः सांगतील.

इंजिनांना संग्रहालयात जागा मिळते. वाघीण म्हातारी झाली की भंगारात जाते. ज्या वस्तू सर्वत्र असतात, त्यांची मापे कोणी लिहून ठेवत नाही, आणि त्या नाहीशा झाल्यावर त्या कशा होत्या हे सांगायला कोणी उरत नाही. जुन्या वाघिणीखाली ब्रेकची टाकी नेमकी कोठे होती, हे आज अनेकदा अशा एखाद्या छांदिष्टाच्या वहीतच सापडते.

विज्ञान प्रदर्शनात मुले धरण, ज्वालामुखी, हृदय यांच्या प्रतिकृती मांडतात. शेजारी ‘रचना’ आणि ‘कार्य’ असे दोन तक्ते असतात. यापुढे तिसरा एक छोटा तक्ता लावायला सांगावा : ‘या प्रतिकृतीत आम्ही काय खरे ठेवले, काय बदलले आणि का’. परीक्षकांनी पहिला प्रश्न त्याच तक्त्यावर विचारावा.